आईला दुसरा लाडू

तात्यापारा, रायपूर
६ एप्रिल २०२५

चि. गंधालीस,

पुष्कळ आशीर्वाद. त्यांपैकी काही कागदावर ओले उमटलेले दिसतील. ते तुझ्या लेकीचे आहेत.

तू कोंडागावला रुजू होऊन दोन आठवडे झाले. व्हिडिओवर तुला पाहिलं की अनू आधी ती काच चाटते, मग रडते आणि पुढे तासभर बाटली तोंडाला लावू देत नाही. म्हणून तूच म्हणालीस की ते काही महिने बंदच ठेवू. आता राहिला तुझा नवरा पराग. माझा हा धाकटा भाऊ नवा रायपूरच्या ऑफिसातून सातला येतो, पोरीला एकदा वर उडवतो आणि तुला फोनवर "सब बढिया" एवढं सांगून मोकळा होतो. एवढ्यावर कुठल्या आईचं पोट भरतं? सबब मी पत्रं लिहिणार. शाळेनं माझे संस्कृतचे तास बंद करून त्या खोलीत संगणक मांडले तेव्हापासून माझं अक्षर वाचायला तसंही कुणी उरलेलं नाही.

तर बातमी. शुक्रवारी सकाळी अनू बसली. टेकू न घेता. मालिश आटोपून अंजनाबाई तेलाची वाटी ठेवायला गेली, मी टॉवेल घ्यायला वळले, आणि पाहते तर बाईसाहेब बसलेल्या. चेहरा थेट आमच्या जुन्या मुख्याध्यापकांसारखा, आता कुणाला बोलावून घेऊ असा. मी एकोणीस मोजले. विसाव्याला आडवी.

लगेच बसके लाडू केले. आपल्या घरची ही रीत तुला कुणी सांगितली नसेल. मूल बसलं की चपट्या बुडाचे लाडू, दात आला की लाह्या, उंबरा ओलांडला की खोबऱ्याच्या वड्या आणि पाऊल टाकलं की गुळाच्या कणकेची तळलेली पावलं. ज्यानं पहिल्यांदा पाहिलं त्यानं पहिला खायचा. आईनं दुसरा. पहिला मी खाल्ला, नाइलाजानं. दुसरा तुझा, वर आणखी अकरा, असा डबा या पत्राबरोबर बसच्या कंडक्टरकडे देते आहे. तो मोजून घेणारा दिसला नाही, तेव्हा तू मोज.

तुझी
इंदूताई


कोंडागाव
११ एप्रिल

ती. इंदूताई,

नमस्कार. दहा लाडू पोचले. चांगले झालेत. तूप जरा जास्त.

आज तीन अंगणवाड्या केल्या. एकोणचाळीस लेकरं तोलली. कोण बसतं, कोण रांगतं, कोण आवाजाकडे वळून बघतं, सगळ्यांच्या नावापुढे खुणा केल्या. एका बाईला मी रागावलेसुद्धा, "लेकरू कधी बसलं हे आईला माहीत नको का?"  मग मीच वही मिटली. महिला व बालविकासची परियोजना अधिकारी मी, आणि माझी स्वतःची लेक बसल्याचं मला कंडक्टरकडून कळावं!

प्रोबेशन आहे तोवर रजा मागायची सोय नाही. राहायला विश्रामगृहाची एक खोली, तिच्यात एक पंखा आणि मी. क्वार्टर सप्टेंबरात मिळेल म्हणतात. मिळालं की मी अनूला इकडे घेऊन येणार, हे आत्ताच सांगून ठेवते. नंतर कुणाला अचानक वाटू नये.

एक विचारायचं होतं. ती बसली तेव्हा कुणाकडे बघत होती?

गंधाली


तात्यापारा
१० मे

चि. गंधालीस, एका दाताचे आशीर्वाद.

हो, दात आला. खालचा, डावा. ज्ञानाची साधनं आम्ही शाळेत शिकवत असू, ती घरात कशी वाटली गेली आहेत बघ. मला प्रत्यक्ष प्रमाण, कारण तिनं माझं बोट चावलं. परागला शब्दप्रमाण, मी सांगितलं आणि त्यानं "अरे वा, दीदी" म्हणून मानलं. तुझ्या वाट्याला अनुमान: लाह्या आल्या, ज्या अर्थी लाह्या आल्या त्या अर्थी दात आला. अंजनाबाई मात्र म्हणते की चार दिवसांपूर्वी मालिश करताना तिच्या बोटाला काहीतरी टोचलं होतं. मी तिला सांगितलं, टोचणं म्हणजे पाहणं नव्हे. तिला लाह्यांची दुसरी मूठ देऊ केली तर म्हणाली, "दुसरी तर मायची असते ना दीदी?" म्हणून तिसरी दिली. गुढियारीची बाई आहे, हिशेबाला पक्की.

तू विचारलंस ती कुणाकडे बघत होती. स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडे. तुझा जीव भांड्यात पडावा म्हणून खोटं सांगत नाही. माझाही तेव्हा पडला नव्हता.

सप्टेंबरचं वाचलं. लेक तुझी आहे, नेशीलच. मी काही बोलले का?

शनिवारी येते आहेस ना? वांग्याची भाजी करून ठेवते.

इंदूताई


कोंडागाव
२० मे

ती. ताई,

शनिवारी सहा तास बसमध्ये बसून आले. दारातूनच हात पुढे केले. अनूनं मला पाहिलं, खालचा ओठ बाहेर काढला आणि तुमच्या खांद्यात तोंड खुपसलं. तुम्ही म्हणालात, "झोपेची वेळ झाली आहे." सकाळी अकरा वाजता?

या वयात लेकरं अनोळखी माणसाला घाबरतात, हे मला कुणी शिकवायला नको. मीच आयांना समजावते, तक्त्यावर बोट ठेवून. पण अनोळखी म्हणजे आई, असं त्या तक्त्यात कुठे लिहिलेलं नाही.

रविवारी दुपारी ती शेवटी माझ्याकडे आली. मांडीवर बसली, बांगड्या ओढल्या, माझ्या नाकात बोट घातलं. मला वाटलं, जमलं. तुम्ही आत भाजी निवडत होतात. मग आतून तुम्ही दोनदा शिंकलात, आणि ती बांगड्या सोडून आवाजाकडे वळली ती वळलीच.

ताई, शिंका खऱ्या होत्या?

गंधाली


तात्यापारा
२५ जून

चि. गंधाली,

पहिली खरी होती.

आता भांडण क्षणभर बाजूला ठेव आणि डबा उघड. खोबऱ्याच्या वड्या आहेत. सोमवारी संध्याकाळी अनू स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडून पुढच्या खोलीत आली. आधी पोट उंबऱ्यावर, मग बराच विचार, मग एक गुडघा. मला वाटलं आता परत फिरेल. आमच्या वर्गात अशी मुलं असत, अर्धा श्लोक म्हणून बसून घेणारी. ही बसली नाही. पलीकडे दाराशी तू मागच्या वेळी विसरलेल्या निळ्या चपला होत्या, त्यांच्याकडे सरळ गेली आणि एक उचलून तोंडात घातली. मी चपला कपाटात ठेवून दिल्या. धूळ असते.

परागनं हे सगळं मोबाइलवर घेतलं असतं, पण तो तेव्हा मोबाइलच बघत होता.

पहिली वडी मी खाल्ली. गोड लागली, काय करू?

इंदूताई


कोंडागाव
२ जुलै

कार्यालयीन पत्र
विषय: कु. अनुश्री हिचं पहिलं पाऊल.
संदर्भ: आपल्या खोबऱ्याच्या वड्या.

उपरोक्त विषयान्वये आपणांस कळवण्यात येते की, निम्नस्वाक्षरीकर्ती दि. २७ ऑगस्ट रोजी गणपतीसाठी रायपूर येथे पोचेपर्यंत सदर पहिलं पाऊल तहकूब ठेवण्यात यावं. कसूर झाल्यास जबाबदारी आपली राहील.

ताई, हसू नका. मी हसण्यासाठी लिहिलेलं नाही. एक तरी गोष्ट मला पहिल्यांदा दिसू द्या. मागाहून मिळालेलं सगळं शिळं लागतं हो, तूप कितीही घातलं तरी.

आणि चपला मी विसरले नव्हते. तिच्यासाठी ठेवून आले होते. बाहेर काढा.

गंधाली


तात्यापारा
१८ ऑगस्ट

चि. गंधाली,

आदेश मिळाला, चपला बाहेर काढल्या. अनूला आज्ञार्थाची सगळी रूपं म्हणून दाखवली: थांब, थांबा, थांबो. ती हसली. प्रथम पुरुष, एकवचन, उद्धट.

विशेष बातमी नाही. तब्येत उत्तम. सदर बाजारातून तिच्यासाठी चांदीचे वाळे आणले, दुकानात पाऊण तास माझ्या कडेवर बसून तिनं पसंत केले. हल्ली तिला कडेवरच बरं वाटतं. अंजनाबाईची रोज कटकट, "पोट्टीले खाली सोड ना दीदी, काहून दिवसभर गोदीत घेऊन राहिली? तिचे पाय काय फक्त वाळे घालाले दिलेत का देवानं?" पावसाळ्याचे दिवस आहेत, फरशी थंड असते, असं मी तिला सांगते. तुलाही तेच सांगते.

गणपतीची मूर्ती ठरवली. ये लवकर.

इंदूताई


कोंडागाव
२ सप्टेंबर

ताई,

बसमध्ये लिहायचं ठरवलं होतं, पण दोन कागद फाटले. बसमुळे नव्हे.

अकरा महिने पूर्ण झालेली माझी लेक फरशीवर ठेवली की हात वर करते आणि किंचाळते. उभी केली तर गुडघे दुमडून घेते. अंगणवाडीत असं लेकरू दिसलं तर मी त्याच दिवशी चिठ्ठी देऊन दवाखान्यात पाठवते. आरतीच्या वेळी मी टाळ्या वाजवत होते आणि मनात दुसरंच चाललं होतं. मेंदूचं असेल का, कमरेचं असेल का, मी सोडून गेले म्हणून असेल का. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पाय वाकवले, सरळ केले, टेबलाला धरून तिला उभं केलं. उभी राहिली! मग त्यांनी विचारलं, "इसे ज़मीन पर कौन नहीं छोड़ता?"

परागनं तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही भिंतीवरच्या घड्याळाकडे.

फरशी थंड असते म्हणे. ऑगस्टच्या रायपुरात!

आता मी सांगते. लेकरू खाली सोडलं की ते कुणाकडेही जाऊ शकतं. उंबरा ओलांडतं, कुणाच्या चपलेपर्यंत जातं. कडेवर असलं की कुठेच जात नाही. तुम्हाला तिचं चालणं थांबवायचं नव्हतं, तिचं माझ्याकडे येणं थांबवायचं होतं. मले सगळं समजते ताई. रागात माझी वर्धेची भाषा येते, येऊ द्या.

क्वार्टरचा आदेश काल निघाला. वीस तारखेला तिचा वाढदिवस तिथे करू, तुमचा तेवढा मान आहे. एकवीसला मी तिला घेऊन येणार.

गंधाली


तात्यापारा
६ सप्टेंबर

गंधाली,

आज विनोद सुचत नाही, तेव्हा सरळ लिहिते.

राखीच्या दुसऱ्या दिवशी, दहा ऑगस्टला संध्याकाळी अनू चालली. तीन पावलं, पलंगापासून शिलाई मशीनपर्यंत. घरात मी एकटी होते. पराग तुझ्यासाठी पार्सल द्यायला बसस्टँडवर गेला होता.

मी कणीक मळायला घेतली. गूळ किसला, तेल तापत ठेवलं. आणि तुझा आदेश आठवला, "एक तरी गोष्ट मला पहिल्यांदा दिसू द्या." मी गॅस बंद केला. त्या कणकेच्या गोड पोळ्या केल्या. परागनं चार खाल्ल्या आणि विचारलं, "आज क्या है, दीदी?" म्हटलं, काही नाही.

दुसऱ्या दिवसापासून तिला कडेवर घेतली. मनात हिशेब असा की सतरा दिवस ती कुणापुढे चालली नाही तर सत्ताविसाला तुझ्यापुढे चालेल, आणि मी म्हणेन, अगंबाई, चालली! मुलांना वर्षभर न शिकवलेला धडा तपासणीच्या दिवशी पहिल्यांदाच शिकवतो आहोत असं नाटक मी शाळेत कित्येकदा केलं आहे. तिथे ते जमायचं. सतरा दिवसांत लेकरू पाय विसरतं, हे मला ठाऊक नव्हतं. अंजनाबाईला होतं.

इथे थांबले असते तर मी फार थोर ठरले असते, आणि तू मला क्षमा मागणारं पत्र लिहिलं असतंस. म्हणून पुढचं लिहिते.

पहिले चार-पाच दिवस ते तुझ्यासाठी होतं. त्यानंतर ती खाली उतरायला धडपडेनाशी झाली. कडेवरून बोट दाखवायची, मी जायची. खिडकी म्हटलं की खिडकी, कावळा म्हटलं की कावळा. आम्ही दोघी मिळून एकच माणूस चालत होतो. मला ते आवडलं. तिचे पाय मला नकोसे झाले, कारण ते कोंडागावला जाणार होते. तू लिहिलंस ते खरं आहे. फक्त पूर्ण खरं नाही, आणि तेवढ्यासाठी मी हे तीन कागद खर्च केले.

मला तुझा हेवा वाटतो. तू शनिवारी येतेस, तिला एकदा रडवतेस, रविवारी तिच्या नाकाशी नाक घासतेस आणि सोमवारी नसतेस, तरी आई तूच. मी तिचे सगळे लंगोट धुतले आणि मी आत्या. त्रेपन्नाव्या वर्षी, इतकं शिकून, कुणी इतक्या ओबडधोबड रीतीनं हेवा करील असं मला वाटलं नव्हतं.

ती तीन पावलं माझ्याकडे नव्हती. मशीनच्या पायट्याकडे होती. मी पलंगावरच बसले होते. ती माझ्यापासून लांब गेली.

घेऊन जा तिला. कालपासून जमिनीवर सोडली आहे.

इंदू


कोंडागाव
१४ ऑक्टोबर

ती. ताई,

महिना उलटून गेला, मी पत्र लिहिलं नाही. वाढदिवसालाही तुमच्या त्या पत्राबद्दल काही बोलले नाही.  आधी रडू आलं, मग राग आला, कारण कुणी इतकं खरं लिहिल्यावर त्याच्याशी भांडायचं कसं? त्या दिवशी ती चालली, आपण दोघी दोन्हीकडून हात पसरून बसलो होतो आणि ती दोघींच्या मधून शेजारच्या सुशीलभैयांच्या हातातल्या फुग्याकडे गेली. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मीही तुमच्याकडेच पाहत होते. आपण दोघी एकाच वेळी हसलो, तेव्हाच बहुधा मी सगळं सोडून दिलं होतं. सांगायचं राहून गेलं.

पण आज लिहिते आहे ते वेगळ्यासाठी.

इथे शेजारच्या क्वार्टरमध्ये वनमाला म्हणून आहे. बावीस वर्षांची, वेणी कमरेपर्यंत, आवाज गोड. दिवसभर अनूला तीच बघते. काम चोख. नाव ठेवायला जागा नाही, आणि मी शोधली आहे. परवा मी सहाला घरी आले तर म्हणते, "मॅडम, आज अनू ताली बजा-बजा के नाची!" नाचली! ताई, मी सहा महिने बसचे धक्के खाल्ले, घर मांडलं, तिला स्वतःच्या छताखाली आणली, आणि नाच वनमालानं पाहिला. मी म्हटलं, "अनू, नाच बरं." अनूनं माझ्याकडे असं पाहिलं जसं काही मी तिच्याकडे ओळखपत्र मागितलं.

काल माझ्या हातचा भात तिनं थुंकला आणि वनमालाच्या हातचा खाल्ला. तोच भात! तेच ताट! वर ती पोरगी मलाच समजावते, "आदत हो गई है मॅडम, बुरा मत मानिए." मी कशाला वाईट वाटून घेऊ? मी हजारो लेकरांची अधिकारी आहे.

सगळ्यांत वाईट सांगू? सकाळी वनमाला फाटकाशी दिसली की अनू तिच्याकडे पळत जाते. पळत, ताई. तुमच्याकडे ती निदान चालत तरी यायची.

परागला फोनवर सांगितलं, तर म्हणाला, "अच्छा है ना, सेट हो गई." त्याच्याशी बोलण्यात अर्थ नाही. हे दुसऱ्या कुणाला कळणार नाही, म्हणून तुम्हाला लिहिते.

नाचाला आपल्या घरी काय करतात? आणि पहिला घास तिलाच द्यावा लागेल का?

तुमची
गंधाली


तात्यापारा
१६ ऑक्टोबर

चि. गंधाली,

नाचाला आपल्या घरी काहीही करत नाहीत. आणि करत असलो तरी तो नियम घरच्यांना लागू आहे. ही बाई आपल्याला कुठून लागते?

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. बावीस वर्षांची! बाविसाव्या वर्षी माणसाला स्वतःचं पोट दुखतं की डोकं हे कळत नाही. भात मऊ शिजवते की मोकळा? भरवताना गाणं म्हणते का, आणि कुठलं? अनूलाच "अनू" म्हणते, की लाडाचं काही नाव ठेवलं आहे? ठेवलं असेल तर मला आत्ताच सांग, नंतर कळलं तर जास्त लागेल. आणि "आदत हो गई है" म्हणताना हसली होती का? हसली असेल तर प्रकरण वाटतं त्याहून पुढे गेलेलं आहे.

अंजनाबाईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "पोट्टी सुखात आहे ना दीदी, मग तुमचं दोघींचं काहून दुखून राहिलं?" मी तिला म्हटलं, तू तेल गरम कर.

दिवाळीला शनिवारी परागबरोबर यायचं ठरलं होतं. मी माझं तिकीट बदलून उद्या सकाळचं घेतलं. पराग म्हणतो, "दीदी, एक दिन में ऐसा क्या हो जाएगा?" आजवर या घरात जे जे झालं ते त्याच्या पाठीमागे एकेका मिनिटात झालं, पण त्याला ते कोण सांगणार? हे पत्र दुपारच्या बसनं पुढे पाठवते, म्हणजे मी दारात उभी राहिल्यावर तू दचकणार नाहीस.

तू खुशाल ऑफिसला जा. अनूकडे बघायला वनमाला आहेच. मी वनमालाकडे बघेन.

या बाबतीत पूर्णपणे तुझ्या बाजूची,
इंदूताई